एक बत्तिसांश पाहुणा

सीफान मोरीवरून खाली पडला तो वेगामुळे नव्हे, मानापमानामुळे. नोंगतेव गावाच्या रस्त्यावर ओढ्यावरची ती मोरी एवढी अरुंद आहे की तिच्यावरून एका वेळी एकच मोटरसायकल जाते, हे गावातल्या म्हशींनासुद्धा माहीत आहे. त्या मंगळवारी सीफान आणि बुनयांग दोघंही शेजारच्या गावात पेतांक खेळून परत येत होते आणि दोघंही एकदमच मोरीपाशी पोचले. "तू आधी जा" म्हणायचं तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं. आणि ते तर अकरा वर्षांपूर्वी बंद झालं होतं, पेतांकचा लोखंडी गोळा खुणेपासून दोन बोटं लांब होता की अडीच, यावरून. तेव्हा दोघंही शेजारी शेजारी मोरीवर चढले, आणि दोघंही गाड्यांसकट एकाच बाजूला, एकाच चिखलात उतरले. उठले, चिखल पुसला, आणि एक अक्षर न बोलता आपापल्या घरी गेले.

खरचटलंसुद्धा नाही कुणाला. म्हणून खामफिवनं, म्हणजे सीफानच्या बायकोनं, पहिल्या दिवशी फक्त त्याची पँट धुतली आणि तोंडाचा पट्टा चालवला. पण संध्याकाळी जेवताना तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. सीफान भाताबद्दल काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात असं एकही जेवण झालं नव्हतं की ज्यात भात कडक, भात गिच्च, भात गार, नाहीतर भात शेजारणीच्या हातचा बरा, यापैकी काहीतरी तिनं ऐकलं नव्हतं. आता हा माणूस टोपलीतून भाताचा गोळा उचलायचा, भिंतीकडं बघत चावायचा आणि गिळायचा. खामफिव उठली आणि थेट चान पेंगना घेऊन आली.

चान पेंग तरुणपणी विहारात भिक्षू होते, नंतर चीवर उतरवून संसारात पडले. गावात जन्म, लग्न, आजारपण, प्रवास, काहीही असलं की मनगटाला दोरे बांधायला आणि हरवलेल्या ख्वानांना हाका मारायला त्यांनाच बोलवतात. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात. धक्का बसला, भीती वाटली, की त्यातला एखादा अंगातून उडतो आणि जिथं उडाला तिथंच घुटमळत बसतो.

"एकच गेलाय," चान पेंग सीफानची नाडी, जीभ आणि कानामागची जागा बघून म्हणाले.

"कुठला?" खामफिवनं विचारलं.

"अगं, बत्तिशी तोंडातली असो की ख्वानांची, एक पडला एवढं कळतं. कुठला पडला ते काय नावानिशी सांगू? हातजाळी घे, त्याचा सदरा घे, उकडलेलं अंडं आणि भाताचा गोळा घे. मोरीखाली जाऊन तीनदा जाळी उपस, हाक मार. जाळीत जे जिवंत येईल ते सदऱ्यात झाकून घरी आण. आणि एक लक्षात ठेव, पाण्यात उतरल्यापासून उंबरठ्याच्या आत येईपर्यंत हाकेशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. कुणाशीही."

"कुणाशीही?"

"तुला जड जाईल, मला माहीत आहे," चान पेंग म्हणाले.

खामफिव दुपारीच निघाली. मोरीखाली उतरते तर गुडघाभर पाण्यात आधीच एक बाई उभी. हातात हातजाळी, खांद्यावर पुरुषाचा सदरा. बुनयांगची बायको मालाय! नवऱ्यांचं बोलणं बंद झालं त्या दिवसापासून बायकांचंही बंद होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण नवऱ्याचं वैरसुद्धा बायको अंगाला लावून घेते. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि बोलायचं नाही हे दोघींनाही एकदमच आठवलं. आता हाकेशिवाय शब्द काढायचा नाही म्हटल्यावर भांडायचं कसं? पण बायकांना अडवणारा नियम अजून कुणी काढलेला नाही.

"ये रे सीफानच्या ख्वाना, ये," खामफिवनं जाळी पाण्यात घालत खणखणीत हाक दिली, "ये घरी, तुझ्या घरी! रस्ता अडवणाऱ्या माणसांपासून लांब ये!"

"ये रे बुनयांगच्या ख्वाना," मालायनं तिच्याहून वरचा सूर लावला, "ये, ये! दोन बोटांची अडीच करणाऱ्यांच्या सावलीलासुद्धा थांबू नकोस!"

"ये रे सीफानच्या ख्वाना, भाताची परडी नेऊन परत न देणाऱ्या घराकडं वळूनही बघू नकोस!"

"ये रे बुनयांगच्या ख्वाना, ती परडी फाटकीच होती!"

तिसऱ्या उपशाला दोघींनी एकाच जागी जाळी घातली आणि दांड्यावर दांडा आपटला. खामफिवच्या जाळीत तोवर एक नाकतोडा आला होता आणि मालायच्या जाळीत एक इवलीशी बेडकी. दांडे आपटले तशा दोन्ही जाळ्या उलट्यापालट्या झाल्या. पाणी उडालं. पाहते तर खामफिवच्या जाळीत बेडकी आणि मालायच्या जाळीत नाकतोडा. दोघी थिजल्या. बोलता येत नव्हतं. खामफिवनं भुवया उंचावल्या, मालायनं हनुवटी उडवली. त्याचा अर्थ "मला काय ठाऊक" असाही होता आणि "तुझंच चुकलं" असाही. मग दोघींनी आपापल्या जाळीवर आपापल्या नवऱ्याचा सदरा टाकला आणि मागं न बघता दोन वाटांनी घरी गेल्या.

चान पेंगनी दोरे बांधले, शेजारीपाजारी आले, त्यांनीही बांधले. सीफानच्या दोन्ही मनगटांवर पांढऱ्या दोऱ्यांच्या पोच्या झाल्या. "तीन दिवस सोडायचे नाहीत," चान पेंग म्हणाले. "तिसऱ्या दिवसापर्यंत ख्वान पाहुण्यासारखा असतो, अवघडून बसतो. तीन दिवसांनी दोरे सुटले की मग घरचा होतो, हलत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खामफिव भिक्षूंना भात वाढून परत आली तर जिना झाडलेला होता. आधी तिला वाटलं वारा असेल. मग स्वयंपाकाच्या बाजूला गेली तर सीफान उकिडवा बसून भाताच्या टोपल्या धूत होता. तिच्या पायांचा आवाज आला तसा तो दचकला, पण हात थांबले नाहीत.

"अहो!" खामफिव म्हणाली. "हे काय करताय?"

"मला काय विचारतेस?" सीफान घाबरून म्हणाला. "बघ ना, हात आपोआपच चाललेत. मी नाही करत." आणि मग, तोंडावरचा ताबा गेल्यासारखा, तो म्हणाला, "बस जरा. दमली असशील."

खामफिव बसली. सव्वीस वर्षांत या माणसानं "बस" हा शब्द फक्त कुत्र्याला वापरला होता.

दुपारी त्यानं माशाच्या रश्शात मूठभर शेपू घालून घेतली. सीफान शेपूला गवत म्हणायचा. पादेकचं मडकं उघडलं तसं नाक मुरडून तोंड फिरवलं, आणि या घरात आंबवलेल्या माशांच्या त्या मडक्याची चव त्याच्या सासूच्या हातची म्हणून गावात नाव होतं. शेपू कोण खातं, पादेकला नाक कोण मुरडतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. खामफिवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"अगं ए खामफिव! ऐकतेस का?"

मालाय होती. अकरा वर्षांनी हाक मारली ती अशी, जशी काल संध्याकाळीच मिरच्या उसन्या नेल्या होत्या.

"तुमचा माणूस आमच्याकडं आलाय," मालाय म्हणाली.

"आणि तुमचा आमच्याकडं."

"सगळा नाही म्हणा. एक बत्तिसांश."

"एक बत्तिसांशच, पण टोपल्या धुतल्या त्यानं."

मालायचा चेहरा वेगळाच झाला. "आमच्याकडं टोपल्या रोजच धुतल्या जातात गं. पण बोलणं नाही. अठरा वर्षं झाली, आमचा माणूस दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन म्हशीशी. आज सकाळी भात कडक आहे म्हणाला. मी म्हटलं, काय? तर म्हणाला, भात कडक आहे, काल गिच्च होता, तुम्हा बायकांना मधलं काही जमतच नाही का! आणि मग थांबेचना बघ. आमच्या आईपर्यंत पोचला."

"सोसावं लागणार बाई तुला," खामफिव म्हणाली.

"सोसायचं काय त्यात?" मालाय म्हणाली. "मी दुसरा भात चढवला आणि समोर बसून ऐकलं."

आतापर्यंत सगळं ठीक होतं, निदान खामफिवच्या मनासारखं होतं. पण घर तिच्या आईचं होतं आणि आईनं ते मेल्यावरही सोडलं नव्हतं. सीफान घरजावई. सासू ओनसी बारा वर्षांपूर्वी वारली आणि रीतीप्रमाणे घराची राखणदारीण होऊन मधल्या खांबावरच्या फळीवर बसली. तिथं तिला रोज भाताचा घास, फुलं आणि मेणबत्त्यांची जोडी मिळायची. जिवंत असताना तिनं सीफानचं तोंड गोड केलं नव्हतं. लग्नाआधी त्यानं जिन्यावर खामफिवचा हात धरला, तेव्हा घरातल्या पितरांचा अपमान झाला म्हणून तिनं त्याच्याकडून दोन कोंबड्या आणि पंधरा दिवसांची माफी वसूल केली होती.

त्या दिवशी संध्याकाळचा भात चुलीवर ठेवला आणि वाफेची टोपली आपोआप उलटली. खामफिवनं पुन्हा लावली. पुन्हा उलटली. तिसऱ्यांदा तर टोपली उलटून गडगडत गेली आणि सीफानच्या पायाशी थांबली.

चान पेंगना बोलावलं. त्यांनी खांबासमोर बसकण मारली, तांदळाची वाटी घेतली आणि कौल लावला. प्रश्न विचारायचा, चिमूट उचलायची, दाणे मोजायचे. सम आले तर होय, विषम आले तर नाही.

"ओनसीताई, तुम्हीच का?" सम.

"भातावर राग आहे?" विषम.

"पादेक बिघडलंय?" विषम. आणि वाटीतला एक दाणा उडून चान पेंगच्या डोळ्यात गेला, म्हणजे हा प्रश्न विचारल्याचाही राग आला होता.

"घरात परका पुरुष आहे, ओळख न करून देता मच्छरदाणीत शिरलाय, म्हणून?" सम.

"तो जावा?" सम.

"आणि... आणि जावईबापू पुरते परत यावेत?" चान पेंगनी चिमूट उचलली. मोजली. पुन्हा मोजली. "सम," ते म्हणाले आणि त्यांनी खांबाकडं अविश्वासानं पाहिलं.

"मला?" सीफान पुढं सरकला. "आईंनी मला परत मागितलं? पुन्हा मोजा हो जरा!"

"तीनदा मोजलं."

"चौथ्यांदा मोजा. सावकाश मोजा." सीफानचे डोळे पाणावले. सासूनं त्याच्यासाठी काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानं तिच्या फळीवर स्वतःच्या पानातला केळीचा तुकडा ठेवला आणि नंतरचा तासभर तो छाती काढून घरात फिरला. तेही टोपल्या विसळत.

बातमी गावभर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावप्रमुख वोंगदुआन वही घेऊन जिना चढला. घरात मुक्कामाला परका माणूस आला तर गावप्रमुखाकडं नोंद करावी लागते. या नियमातून वोंगदुआननं स्वतःच्या सासऱ्यालाही सोडलं नव्हतं.

"नाव?" त्यानं विचारलं.

"बुनयांगचा ख्वान," खामफिव म्हणाली.

"कितवा?"

"ते चान पेंगनाही माहीत नाही."

"मग 'बत्तीसपैकी एक' लिहितो. येण्याचं कारण?"

"चुकून."

"असा रकाना नाही. नातेवाइकांना भेटायला, व्यापार किंवा उपचार."

"व्यापार लिहा," सीफान म्हणाला. "अदलाबदलच झाली आहे."

"अहो, पण एक बत्तिसांश माणसाची नोंद कसली?" खामफिव चिडली.

"वहिनी, वहीत अपूर्णांक चालत नाहीत. माणूस आहे किंवा नाही. उद्या दोरे सुटायच्या आत गेला तर 'रवाना' असा शिक्का मारतो. नाही गेला तर तुमच्या कुटुंब-पुस्तकात कायमचा चढेल. मग खाणारी तोंडं तीन, मच्छरदाणी एक. गावसभेत मी काय सांगू?" त्यानं वही मिटली. "उद्या दुपारी दोघी मोरीवर जा आणि आपापला घेऊन या. चान पेंगशी बोललोय मी."

उद्या दुपार. खोटं कशाला सांगू, तिला तो पाहुणा परत द्यायचा नव्हता. दोन दिवसांत तिला कुणी तरी विचारलं होतं, आज गुडघा दुखतोय का, चुलीपुढं उकडतंय का, बाजारात किती लांब चाललीस. या एवढ्याशा प्रश्नांची माणसाला इतकी भूक असते हे तिला पन्नाशीत कळलं, आणि कळलं त्याचाच तिला संताप येत होता.

आणि गंमत म्हणजे सीफानही बदलला होता. पाहुणा नव्हे, उरलेला एकतीस भाग सीफान. तो मजेत होता. हात लाकडं फोडायचे आणि हा बाहेरून बघत असल्यासारखा बोलायचा.

"काटक्या बारीक फोडतो बघ हा. चुलीला बऱ्या पडतील तुझ्या."

"चांगल्या पडतात," खामफिव म्हणायची.

"माणूस वाईट नाही. पेतांकमध्ये खोटारडा आहे, पण घरात बरा." मग दोन घाव घालून झाल्यावर हळूच, "तुला आवडला वाटतं?"

"पाहुणा आहे. दोन दिवस कोणीही आवडतं."

"मी कुठं काय म्हणतोय! मला काय, तो करतो, मी बघतो." त्यानं काटक्यांची मोळी उचलून तिच्या चुलीशी रचली. "आता हे त्यानं उचललं हं. माझी पाठ दुखते, मी उचलत नाही."

दोघं हसले. त्या पाहुण्याबद्दल कुचुकुचु बोलण्यात त्यांचा अख्खा दिवस गेला. इतकं ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी खामफिव मोरीवर पोचली तर मालाय कठड्यावर बसलेली. जाळी शेजारी आडवी. पाण्यात उतरेपर्यंत बोलायला हरकत नव्हती, म्हणून खामफिवही बसली. खाली भातखाचरांतून उतरणारं पाणी गढूळ होतं.

"काल पुन्हा बोलला," मालाय म्हणाली. "माझ्या चालण्याला नावं ठेवली. म्हणाला, तू बदकासारखी चालतेस. अठरा वर्षांत मी कशी चालते हे त्यानं बघितलं होतं हेच मला माहीत नव्हतं." तिनं जाळी जवळ ओढली. "मला नाही द्यायचा गं परत."

"मग देऊ नकोस," खामफिव म्हणाली. "मला तरी कुठं हवाय? म्हणजे, हवाय. पण असाच हवाय."

"आणि तुझी आई?"

"आईचं मी बघते."

"वोंगदुआनची वही?"

"वहीला काय कळतंय जाळीत काय आलं ते."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग मालायनं कमरेचं फडकं सोडलं, ख्वानासाठी आणलेलं उकडलेलं अंडं काढलं आणि सोलायला घेतलं. खामफिवनंही आपलं सोललं. मीठ मालायकडं होतं. दोन्ही अंडी आणि दोन्ही भाताचे गोळे त्या दोघींनी कठड्यावर बसून खाल्ले. मग पाण्यात उतरल्या, एकमेकींपासून चांगल्या दहा हात लांब उभ्या राहिल्या, आणि रिकाम्या पाण्यातून तीनतीनदा रिकाम्या जाळ्या उपसल्या. हाका मात्र अशा मारल्या की खाचरात राबणारी माणसं उठून उभी राहिली. सदरे झाकले, तोंडं मिटली आणि दोन वाटांनी घरी गेल्या.

घरी सगळे वाट बघत होते. चान पेंगनी जुने दोरे सोडले, नवे बांधले. वोंगदुआननं वहीत 'रवाना' असा शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि जेवायला थांबला. पान मांडलं. सगळ्यांच्या नजरा सीफानच्या हाताकडं. त्यानं टोपलीत हात घातला, भाताचा गोळा केला, तोंडात टाकला, चावला.

"भात कडक आहे," सीफान म्हणाला.

एकच जल्लोष झाला! चान पेंगनी त्याच्या पाठीवर थाप मारली, वोंगदुआननं घोट घेतला, शेजारणी म्हणाल्या, आला गं बाई, पुरता आला. सीफाननं पादेकच्या मडक्यात बोट बुडवून चाटलं, शेपू पानाबाहेर काढली आणि खामफिवला म्हणाला, "बघत काय बसलीस? पाणी आण." आणि चुलीवरची टोपली शांत बसून होती.

मंडळी गेली. खरकटी भांडी, टोपल्या, वाट्या सगळं जिथल्या तिथं पडलेलं होतं आणि सीफान खांबाला टेकून दात कोरत होता. खामफिवनं एकटीनं सगळं आवरलं. हात राखेनं घासत होते आणि डोकं सुन्न होतं. जाळी तर रिकामी होती. ती आपल्या हातानं रिकामी आणली होती तिनं. बुनयांगचा ख्वान याच्या अंगातून कुठंही गेला नव्हता, आत्ता या क्षणी तो तिथं बसलेला होता. मग हा बोलत होता कोण? आणि तीन दिवस टोपल्या धूत होता तो कोण?

तिनं वळून पाहिलं. सीफानही तिच्याकडंच बघत होता, टोपल्यांकडं बघत होता, आणि तिनं पाहिलं तशी त्यानं नजर पटकन छपराकडं वळवली. त्याचे हात मांडीवर होते आणि ते स्वस्थ नव्हते. बोटं एकमेकांत अडकवून त्यानं ती घट्ट धरून ठेवली होती. खामफिवला एकदम इतकं वाईट वाटलं, स्वतःचं नव्हे, त्याचं, की तिचा राग कुठल्या कुठं गेला. काय करणार बिचारा? गावप्रमुखानं शिक्का मारून त्याला एकटं पाडलं होतं. आता जे करायचं ते त्यानं स्वतः केलं असं झालं असतं.

ती हात पुसत उठली. जिन्यावर कोणी नाही हे बघितलं. मग त्याच्याजवळ बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, एक सांगते. कुणाला बोलू नका. आम्ही ख्वान बदललेच नाहीत."

"काय?"

"जाळ्या रिकाम्या होत्या. मालायनं तुमचा ठेवून घेतलाय, मी तिचा. तो अजून इथंच आहे."

सीफाननं आपल्या हातांकडं पाहिलं. खालच्या रस्त्याकडं पाहिलं, जिथून वोंगदुआन वही काखेत मारून गेला होता. मग मधल्या खांबावरच्या फळीकडं.

"आईंना?"

"आईला मी मनातल्या मनात सगळं सांगितलं, परत आल्या आल्या. फुलं ठेवली, दोन मेणबत्त्या लावल्या, आणि म्हटलं, हा तुझा दुसरा जावई."

"काय म्हणाल्या?"

"टोपली उलटली का आज?"

"नाही," सीफान म्हणाला. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. ओझं खाली ठेवलेल्या माणसासारखा त्यानं लांब श्वास सोडला. मग त्याची नजर खाली गेली. खामफिवनं नेसलेल्या सिनच्या काठाखाली पोटरीवरून रक्ताचा बारीक ओघळ घोट्यापर्यंत आला होता. मोरीखालच्या पाण्यातली जळू कधी चिकटली आणि कधी गळाली, तिला कळलंच नव्हतं.

"हे काय?" सीफान ओरडला. "दुपारपासून अशी हिंडतेस? अक्कल आहे की नाही!" ओरडता ओरडताच त्यानं चंचीतली तंबाखू तोंडात टाकली, चघळली, तिचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि ती जखमेवर अंगठ्यानं दाबून धरली. सव्वीस वर्षांत त्यानं तिचा पाय कधी हातात घेतला नव्हता. दोघांनाही कुठं बघावं ते कळेना.

"माझ्याकडं बघू नकोस," सीफान मान खाली घालून म्हणाला. "हा तो करतोय."

"कळलं मला," खामफिव म्हणाली. तिनं डोळे पुसले. "त्याला म्हणावं, जरा हळू दाब."